कांद्याच्या सालीतील रसायन

स्वयंपाकघरात कांदा चिरायला घेतला, की सर्वांत आधी त्याची साल निघते आणि ती थेट केरात जाते. कोरडी, पातळ आणि बेचव अशी ही साल कोणाच्या उपयोगी पडणार, असेच आपल्याला वाटते. परंतु मूठभर साली पातेल्यात घेऊन अर्धा तास पाण्यात उकळल्या, तर पाण्याला सोनेरी तांबूस रंग येतो. तुरटीच्या पाण्यात भिजवून घेतलेले पांढरे सुती फडके त्या पाण्यात बुडवले, तर त्यावर पिवळा रंग चढतो आणि साध्या पाण्याने धुतले तरी तो सहजासहजी जात नाही. कांद्याच्या सालींनी लोकर रंगविण्याची रीत अनेक देशांत फार जुनी आहे. या रंगाचे मूळ द्रव्य कोणते, याचा शोध इंग्लंडातील लीड्स येथील पर्किन व हमेल या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १८९६ साली लावला. ते द्रव्य म्हणजे क्वेर्सेटिन होय. ओक वृक्षाच्या एका जातीच्या सालीतही ते आढळते. ओकच्या लॅटिन नावावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे.

क्वेर्सेटिन एकटे नाही. ते एका फार मोठ्या कुटुंबातील आहे. या कुटुंबाचे नाव 'फ्लॅव्होनॉइड'. लॅटिन भाषेत 'फ्लॅवुस' म्हणजे पिवळा. त्यावरून हे नाव पडले. मात्र या कुटुंबातील सर्वच द्रव्ये पिवळी नसतात. वसंत ऋतूत माळरान पेटल्यासारखे दिसावे असा पळसफुलांचा केशरी रंग, जांभळाने जिभेवर उमटविलेला जांभळा डाग, कोकमाच्या सरबताचा लालभडक रंग आणि जास्वंदीच्या पाकळ्यांची लाली, हे सारे याच कुटुंबातील द्रव्यांचे प्रताप. चहाचा तुरटपणाही बव्हंशी याच कुटुंबाची देणगी. आतापर्यंत सहा हजारांहून अधिक फ्लॅव्होनॉइडे शास्त्रज्ञांना ठाऊक झाली आहेत.

वनस्पती ही द्रव्ये केवळ शोभेसाठी तयार करीत नाहीत. फुलांचे रंग मधमाश्यांना व पाखरांना बोलावतात, हे एक काम झाले. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. माणसाला ऊन लागले तर तो सावलीत जाऊन बसतो. झाडाला जागचे हलता येत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नसले, तरी सजीवांच्या पेशींना ते अपाय करतात. पानांच्या वरच्या थरातील फ्लॅव्होनॉइडे हे किरण शोषून घेतात आणि आतल्या नाजूक पेशींचे रक्षण करतात. याखेरीज या द्रव्यांच्या अंगी आणखी एक गुण आहे, आणि त्याचीच ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

प्राणवायूवाचून, म्हणजेच ऑक्सिजनवाचून, आपण काही मिनिटेही जगू शकत नाही. अन्नापासून शरीराला मिळणारी बहुतेक ऊर्जा त्याच्याच साहाय्याने मिळते. परंतु जो प्राणवायू जीवन देतो, तोच लोखंडाला गंज चढवतो आणि डब्यात ठेवलेले खोबरे खवट करतो. एखाद्या पदार्थाशी ऑक्सिजनचा संयोग होणे किंवा त्या पदार्थातून हायड्रोजन वा इलेक्ट्रॉन काढून घेतला जाणे, या क्रियेला ऑक्सिडीकरण असे म्हणतात. दिवाळीतील चिवडा किंवा शेव महिनाभर उघडी राहिली, तर तिला जो नकोसा वास येतो, तो तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा परिणाम होय.

तेल खवट होते म्हणजे नेमके काय होते? प्रत्येक रेणूमध्ये इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते बहुधा जोडीजोडीने राहतात. कधी ऊन लागल्यामुळे, कधी उष्णतेमुळे, तर कधी लोखंड वा तांबे यांसारख्या धातूंच्या संपर्कामुळे एखाद्या रेणूतील जोडी फुटते आणि एक इलेक्ट्रॉन एकटा पडतो. अशा एकट्या इलेक्ट्रॉनच्या रेणूला 'मुक्त मूलक' म्हणतात. मुक्त मूलक स्वस्थ बसत नाही. तो शेजारच्या रेणूकडून हायड्रोजनचा अणू ओढून घेतो आणि आपली जोडी पुरी करतो. पण त्यामुळे शेजारचा रेणू एकटा पडतो! तो स्वतःच मूलक बनतो, हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि पुढच्या रेणूवर धाव घेतो.

तुम्ही शिवाशिवीचा खेळ खेळलाच असाल. ज्याच्यावर राज्य असते तो दुसऱ्याला शिवतो. मग राज्य दुसऱ्यावर जाते आणि पहिला मोकळा होतो. परंतु खेळ काही संपत नाही, राज्य एकाकडून दुसऱ्याकडे जातच राहते. तेलाच्या बाटलीत हाच खेळ चालू असतो. फरक एवढाच, की येथे प्रत्येक वेळी ज्याला शिवले जाते त्याचे कायमचे नुकसान होते. एका मूलकापासून सुरू झालेली ही साखळी शेकडो रेणूंची नासाडी करू शकते.

असे मुक्त मूलक अस्तित्वात असू शकतात, यावर पूर्वी शास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. १९०० साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांनी कार्बनयुक्त पदार्थाचा पहिला टिकाऊ मुक्त मूलक तयार करून दाखविला, तेव्हा कोठे ती गोष्ट हळूहळू मान्य झाली. आपल्या शरीरातही मूलक निर्माण होतात, हे पुढे उमगले. पेशींच्या आवरणांत स्निग्ध पदार्थ असतात; त्यांनाही तेलाप्रमाणेच मूलकांपासून धोका असतो. म्हणून शरीराने स्वतःचे रक्षकही ठेवले आहेत. त्यांपैकी एक विकर अशा मूलकांना तत्काळ निष्प्रभ करते, असे १९६९ साली मॅककॉर्ड व फ्रिडोविच या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. मात्र मूलक हे सर्वस्वी शत्रूच आहेत, असे समजू नका. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना मारण्यासाठी मूलकांचाच शस्त्रासारखा उपयोग करतात. अग्नी चुलीत असेल तर अन्न शिजते, छपराला लागला तर घर जळते. तसाच हा प्रकार आहे.

आता शिवाशिवीचा खेळ थांबवायचा कसा? त्यासाठी असा एक गडी हवा, की जो आपणहून राज्य अंगावर घेईल आणि मग कोणाच्याही मागे न धावता एका जागी शांत बसून राहील. मूलकाला आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन टाकणारी, आणि स्वतः मूलक बनल्यावरही शांत राहणारी जी द्रव्ये असतात, त्यांना ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये म्हणतात. बाजारात 'अँटिऑक्सिडंट' म्हणून ज्यांचा गाजावाजा होतो ती हीच. क्वेर्सेटिन हा या खेळातील एक अत्यंत कुशल गडी आहे. त्याच्या अंगी हे कसब कोठून आले, हे समजण्यासाठी त्याच्या रेणूची रचना पाहिली पाहिजे.

फ्लॅव्होनॉइडाचा रेणू म्हणजे जणू तीन खणांचे घर आहे. प्रत्येक खण षट्कोनी आहे. पहिला खण आणि मधला खण यांच्यामध्ये एक भिंत सामाईक आहे. तिसरा खण मात्र सुटा असून तो मधल्या खणाला एकाच बंधाने जोडलेला आहे. या घराच्या सांगाड्यात कार्बनचे पंधरा अणू असतात आणि मधल्या खणाच्या एका कोपऱ्यात कार्बनऐवजी ऑक्सिजनचा अणू बसलेला असतो. कुटुंबातील बहुतेक सर्वांचा सांगाडा थोड्याफार फरकाने असाच. मग भेद कोठे असतो? तो असतो भिंतींवरील खुंट्यांत. सांगाड्यातील कार्बनला काही ठिकाणी ऑक्सिजनचा एक अणू जोडलेला असतो व त्या ऑक्सिजनला हायड्रोजनचा एक अणू. ऑक्सिजनला खुंटी मानले, तर हायड्रोजन हा खुंटीवर अडकविलेला सदरा समजावा. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या या जोडीला रसायनशास्त्रात हायड्रॉक्सिल गट म्हणतात. मूलक धावत आला, की या खुंटीवरचा हायड्रोजन त्याला काढून देता येतो.

क्वेर्सेटिनच्या घरात अशा पाच खुंट्या आहेत. दोन पहिल्या खणात, एक मधल्या खणात आणि दोन तिसऱ्या खणात. मग जितक्या खुंट्या अधिक, तितका गुण अधिक, असा साधा हिशेब आहे काय? नाही. खुंट्या किती आहेत यापेक्षा त्या कोठे आहेत, ही गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. क्वेर्सेटिनच्या रचनेत तीन विशेष आहेत.

पहिला विशेष असा, की तिसऱ्या खणातील दोन खुंट्या अगदी शेजारी-शेजारी आहेत. एकीवरचा हायड्रोजन देऊन टाकला, तरी शेजारणीचा हायड्रोजन तिला आधार देतो. त्यामुळे पहिला हायड्रोजन सहज सुटतो आणि उरलेला रेणू अस्वस्थ होत नाही. गरज पडल्यास दुसराही हायड्रोजन देता येतो.

दुसरा विशेष मधल्या खणात आहे. तेथे कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध आहे आणि त्याच्या लगत ऑक्सिजनचा एक अणू दुहेरी बंधानेच कार्बनला जोडलेला आहे. या रचनेमुळे तिन्ही खणांमध्ये इलेक्ट्रॉनला ये-जा करण्यास वाट मिळते. हायड्रोजन दिल्यावर जो इलेक्ट्रॉन एकटा पडतो, तो मग एकाच अणूवर अडकून राहत नाही. त्याचा भार साऱ्या घरावर पसरतो. पालखी एकाच भोयाच्या खांद्यावर आली तर तो कोलमडेल. परंतु तीच अनेक खांद्यांवर असली, तर कोणालाच तिचे ओझे होत नाही. क्वेर्सेटिन शांत राहते त्याचे कारण हेच.

तिसरा विशेष म्हणजे मधल्या खणातील खुंटी. ती दुहेरी बंधाला लागूनच असल्यामुळे भार वाटून घेण्याच्या कामी मदत करते. शिवाय तिच्याजवळच्या ऑक्सिजनच्या साहाय्याने लोखंड आणि तांबे यांचे कण चिमट्यात धरावे तसे धरून ठेवता येतात. हे धातू मूलकांना जन्म देतात, हे आपण वर पाहिलेच. ते धरून ठेवले, की पुष्कळसे संकट उगमापाशीच टळते. वनस्पतींतील तुरट द्रव्यांची लोखंडाशी असलेली ही जवळीक आपल्या ओळखीची आहे. आवळा लोखंडी विळीवर चिरला तर काळा पडतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करीत. त्यातील हिरड्याची तुरट द्रव्ये फ्लॅव्होनॉइडांच्या नात्यातलीच असून हिराकस हा लोखंडाचा क्षार आहे.

हे तीन विशेष खरोखरच महत्त्वाचे आहेत, हे कशावरून म्हणायचे? शास्त्रात नुसता तर्क चालत नाही. तो पडताळून पाहावा लागतो. त्यासाठी ज्यांच्या रचनेत एखादाच फरक आहे अशी द्रव्ये शुद्ध स्वरूपात हवीत. काही वनस्पतींतून मिळतात, काही प्रयोगशाळेत घडवावी लागतात. हा सांगाडा घडविण्याची एक प्रसिद्ध रीत १९३३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बेकर यांनी आणि लाहोर येथे डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. जगभरच्या रसायनशास्त्राच्या ग्रंथांत ती 'बेकर-वेंकटरामन' या जोडनावाने ओळखली जाते. डॉ. वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागाचे संचालक झाले आणि १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली.

अशा द्रव्यांची तुलना लंडनमधील कॅथरीन राइस-एव्हान्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. त्यांची रीत मोठी सोपी होती. निळसर हिरव्या रंगाच्या मूलकांच्या द्रावणात निरनिराळी फ्लॅव्होनॉइडे घालून द्रावणाचा रंग किती फिका पडतो, हे त्यांनी मोजले. मूलक जितके अधिक शांत होतील, तितका रंग अधिक फिका होणार. तुलनेसाठी ई जीवनसत्त्वाच्या जातीचे एक द्रव्य घेऊन त्याचा गुण १ मानला. त्या मापाने क्वेर्सेटिनचा गुण ४.७ भरला.

आता त्याची भावंडे पाहू. शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिनबरोबरच केम्फेरॉल नावाचे फ्लॅव्होनॉइड असते. दोघांत फरक केवळ एका ऑक्सिजन अणूचा. केम्फेरॉलच्या तिसऱ्या खणात दोनऐवजी एकच खुंटी आहे. एवढ्याशा उणिवेने त्याचा गुण १.३ वर आला! दुसरे भावंड कॅटेचिन. खैराच्या लाकडापासून जो कात काढतात, त्याच्या 'कॅटेच्यू' या नावावरूनच ते ओळखले जाते. विड्यात पडणारा हा कात काढण्याचा व्यवसाय कोकणातील कातकरी लोक पूर्वी करीत आणि त्यांचे नावही त्यावरूनच पडले आहे. कॅटेचिनजवळ पाचही खुंट्या जागच्या जागी आहेत, परंतु मधल्या खणातील दोन्ही दुहेरी बंध नाहीत. त्याचा गुण २.४ भरला. तिसरे भावंड रुटिन. सतापाच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. रुटिन म्हणजे क्वेर्सेटिनच, मात्र त्याच्या मधल्या खुंटीवर साखरेचे दोन रेणू जोडून बसलेले असतात. खुंटी अडली आणि गुण ४.७ वरून २.४ वर उतरला. एक खुंटी नसली, एक बंध नसला, किंवा एक खुंटी झाकली गेली, तरी केवढा फरक पडतो पाहा! पदार्थाचे गुण त्याच्या रचनेतून येतात, हे रसायनशास्त्रातील थोर तत्त्व या चार आकड्यांत स्पष्ट दिसते.

शेजारी-शेजारी असलेल्या दोन खुंट्यांची करामत आपल्या घरी रोज दिसते. वांगे चिरले, की फोडी काळ्या पडू लागतात. म्हणून आई त्या लगेच पाण्यात टाकते. सफरचंदाची फोड तपकिरी होते. या फळांतही अशाच जोडखुंट्यांची द्रव्ये असतात. फळ कापले, की पेशी फुटतात, त्यातील विकर बाहेर येते आणि हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने त्या खुंट्यांवरील हायड्रोजन काढून घेते. जे उरते, त्यापासून तपकिरी रंग तयार होतो. पाण्यात फोडींना हवा कमी मिळते, म्हणून त्या गोऱ्या राहतात. सफरचंदावर लिंबू पिळले तरीही ते बराच वेळ काळवंडत नाही.

काही फळे काळी पडतात आणि लिंबू मात्र पडत नाही, असे का? ही घरगुती शंका एका थोर शास्त्रज्ञाच्या मनात आली आणि त्याने तिचा पाठपुरावा केला. त्यांचे नाव अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी. त्यांचा जन्म १८९३ साली हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. वनस्पती काळ्या पडू न देणारे द्रव्य शोधता-शोधता १९२८ साली त्यांनी एक आम्ल वेगळे केले. पुढे हंगेरीतील सेगेद या गावी, जेथे पाप्रिका नावाची तांबडी मिरची विपुल पिकते, त्या मिरचीतून त्यांनी तेच आम्ल भरपूर प्रमाणात मिळविले. ते आम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व होय. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यापूर्वी एक वर्ष, म्हणजे १९३६ साली, सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांचे सहकारी रुस्न्याक यांनी आणखी एक शोध जाहीर केला होता. काही रोग्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त पाझरत असे. त्यांना शुद्ध क जीवनसत्त्वाने गुण येईना. परंतु लिंबाचा किंवा पाप्रिकेचा अर्क दिला तर गुण येई. त्या अर्कात फ्लॅव्होनॉइडे होती. ही द्रव्येही जीवनसत्त्वे असावीत असे मानून त्यांना 'पी जीवनसत्त्व' असे नाव दिले गेले. पण पुढे अनेकांनी प्रयोग केले, तेव्हा या द्रव्यांच्या अभावी माणसाला एखादा विशिष्ट रोग होतो, असे काही सिद्ध होईना. अखेर १९५० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या समितीने हे नाव सोडून द्यावे, असे सुचविले. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शास्त्रज्ञाचे मत असले, तरी पुराव्यापुढे ते बाजूला ठेवावे लागते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

या धड्याची गरज आजही आहे. परीक्षानळीत क्वेर्सेटिनचा गुण ४.७ भरला, हे खरे. पण आपले पोट म्हणजे परीक्षानळी नव्हे. खाल्लेल्या फ्लॅव्होनॉइडांपैकी रक्तात पोहोचतात ती फारच थोडी. त्यातही आतडी आणि यकृत त्या खुंट्यांवरच दुसरे गट बसवून त्या झाकून टाकतात. खुंटी झाकली गेली, की गुण उतरतो, हे रुटिनच्या उदाहरणात आपण पाहिलेच आहे. म्हणून परीक्षानळीतील आकडा जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने निरनिराळ्या खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांचा तक्ता प्रसिद्ध केला होता. जाहिरातदार त्याचा गैरवापर करीत आहेत असे दिसून आल्यावर २०१२ साली त्या खात्याने तो तक्ता मागे घेतला.

फिनलंडमध्ये तर याहून गंभीर गोष्ट उघडकीस आली. गाजरातील नारिंगी रंगाचे बीटा कॅरोटीन हे फ्लॅव्होनॉइड नव्हे, परंतु तेही मूलकांना शांत करणारे द्रव्य आहे. त्याच्या गोळ्यांनी फुप्फुसांचा कर्करोग टळेल, या आशेने २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तेथे कित्येक वर्षे प्रयोग केला गेला. १९९४ साली निष्कर्ष हाती आले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिकच आढळला! जो पदार्थ गाजरात आहे म्हणून चांगला, तो वेगळा काढून मोठ्या प्रमाणात घेतला तर चांगलाच ठरेल, असे नाही.

मग या विद्येचा आपल्याला उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे. पालेभाज्या, कांदा, फळे व कडधान्ये यांनी युक्त असा ताजा आहार प्रकृतीला हितकारक असतो, याबद्दल शास्त्रज्ञांत दुमत नाही. त्यात फ्लॅव्होनॉइडांचा वाटा किती आणि ती पेशींमध्ये नेमके कोणते कार्य करतात, याचा शोध आज अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. जेवणात कांदा, जांभळाच्या दिवसांत जांभळे आणि उन्हाळ्यात कोकमाचे सरबत घेण्यासाठी त्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या बाटलीवरचा मोठा आकडा दाखवून कोणी तुम्हाला भुलवू लागला, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारा. हा आकडा कशात मोजला? आणि माणसांमध्ये त्याचा पडताळा आला आहे काय? रेणूच्या तीन खणांच्या घरात एक खुंटी कमी असली तर काय होते, हे ज्याने नीट समजून घेतले, तो असे प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही.

स्वाध्याय

१. क्वेर्सेटिनच्या रचनेतील तीन विशेष तुमच्या शब्दांत सांगा.

२. तेल खवट होण्याच्या क्रियेची शिवाशिवीच्या खेळाशी तुलना का केली आहे? खऱ्या खेळात आणि या क्रियेत कोणता फरक आहे?

३. कॅटेचिनजवळ पाच खुंट्या असूनही त्याचा गुण क्वेर्सेटिनपेक्षा कमी का?

४. 'पी जीवनसत्त्व' हे नाव का सोडून द्यावे लागले?

५. 'आपले पोट म्हणजे परीक्षानळी नव्हे', या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

६. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : निष्प्रभ करणे, पाठपुरावा करणे, सूत्रे हाती घेणे, पडताळा येणे.

७. उपक्रम : वडीलधाऱ्यांच्या मदतीने कांद्याच्या साली पाण्यात उकळा. पाणी गाळून त्याचे तीन भाग करा. एकात लिंबाचा रस, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला व तिसरा तसाच ठेवा. रंगांत काय फरक पडला त्याची नोंद वहीत करा.